पितृपक्षाच्या पंधरवड्यात क्लॅरिनेटचं ओव्हरहॉलिंग

ठाण्यात बॅन्डचं क्लॅरिनेट पूर्ण उघडून बसायचं, तर वर्षात एकच सोयीचा पंधरवडा मिळतो, पितृपक्षाचा. त्याआधी नारळी पौर्णिमा, गोविंदा, गणपती अशा सुपाऱ्या ओळीने असतात. घट बसले की पुन्हा सुरुवात. तुळशीचं लग्न लागलं की आमच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या वादकांना मे अखेरपर्यंत उसंत नसते. पितृपक्षात मात्र ना हळद, ना वरात. वाद्य पेटीत पडून असतं आणि वादकही घरी असतो. त्या दिवसांत माझ्याकडे चार-पाच क्लॅरिनेट तरी येतात. मी वागळे इस्टेटीत टूलरूममध्ये फिटर होतो. हात लोखंडावर बसलेला होता, आणि वाद्याची आवड घरातूनच आली. तेवढ्या भांडवलावर हे काम शिकत गेलो.

येणाऱ्या प्रत्येकाची तक्रार वेगळी असते. कुणी म्हणतं फुंक जड झाली, कुणी म्हणतं खालचा ‘ई’ बोलत नाही, कुणाचं वाद्य मधूनच चिरकतं. पण मुळाशी गेलं की बहुतेक वेळा एकच सापडतं, वाद्य गळतंय. क्लॅरिनेट म्हणजे अखेर एक नळी. तिच्यावरची भोकं मिटायची तेव्हा पक्की मिटली पाहिजेत. केसाएवढी फट राहिली तर त्या भोकाच्या खालचे सगळे सूर बिघडतात, आणि वादक बिचारा रीड, म्हणजे माउथपीसची पट्टी, बदलत राहतो. म्हणून पुढे पॅड (चावीखालची, भोक मिटणारी गादी), कॉर्क, स्प्रिंग असं बरंच काही येणार असलं, तरी सगळं गळतीसाठीच चाललंय हे डोक्यात ठेवा. सुरुवात गळती शोधण्यापासून आणि शेवट ती गेली का हे पाहण्यावर.

हातात काय आहे ते आधी ओळखा

आपल्याकडच्या बॅन्डमध्ये दोन प्रकारची क्लॅरिनेट दिसतात. एक बोएम पद्धतीचं, १७ चाव्या आणि बोटांखाली ६ कड्या असलेलं. दुसरं जुनं साध्या पद्धतीचं, ज्याला अल्बर्ट म्हणतात. त्याला चाव्या कमी, कड्या अगदी थोड्या. १८१२ च्या सुमारास इवान म्युलरने १३ चाव्यांचं क्लॅरिनेट पॅरिसमध्ये मांडलं होतं, अल्बर्ट त्याच घराण्यातलं. म्युलरने चाव्यांच्या टोकाला कातड्याची भरीव पॅडं बसवली. त्याआधी सपाट चामड्याची चकती असायची आणि ती नीट मिटत नसे. गळतीचं हे दुखणं दोनशे वर्षांचं आहे, हे कळलं की आपल्या वाद्याचा राग येत नाही. या लेखातल्या पायऱ्या बोएमच्या आहेत, पण पॅड आणि कॉर्कचं सगळं अल्बर्टलाही लागू आहे.

मग अंगाचं साहित्य पाहा. चांगलं क्लॅरिनेट आफ्रिकन ब्लॅकवूडचं असतं. हे झाड आपल्या शिसवाच्याच कुळातलं आणि लाकूड इतकं घट्ट की पाण्यात बुडतं. आतल्या बाजूला बॅटरी मारून पाहिलं तर बारीक रेषा दिसतात. बाकीची एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची, किंवा प्लॅस्टिकची असतात. प्लॅस्टिकवर साच्याची शिवण दिसते. एबोनाइट बोटाने जोरात चोळलं तर गंधकाचा वास येतो. हे ओळखणं महत्त्वाचं, कारण तेल फक्त लाकडाला लागतं आणि चीर बहुधा लाकडालाच जाते.

तिसरी गोष्ट चाव्यांचा धातू, आणि इथे मी एकदा चांगलाच पोळलोय. चांगल्या वाद्याच्या चाव्या जर्मन सिल्व्हरच्या असतात. नावात चांदी असली तरी त्यात तांबं, निकेल आणि जस्तच असतं. त्या जरा वाकवून सरळ करता येतात. स्वस्त वाद्याच्या चाव्या जस्ताच्या मिश्रणाच्या ओतीव असतात, वरून चकचकीत मुलामा. अशी एक चावी मी पक्कडीने सरळ करायला गेलो आणि ती खडूसारखी तुटली. तिला डाग देता येत नाही, सुटी चावी मिळत नाही. एका लग्नाच्या मोसमात त्या वादकाला उसनं वाद्य घेऊन फिरावं लागलं, माझ्यामुळे. तेव्हापासून मी नियम केला: चावीच्या कोपऱ्यावर मुलामा उडालेला असेल आणि आतला धातू राखाडी, रवाळ दिसत असेल, तर ती चावी वाकवायची नाही. कॉर्कची जाडी कमी-जास्त करून काम भागवायचं.

उघडण्याआधीची तपासणी

स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी वाद्य वाजवून घ्या, किंवा वादकाला समोर बसवून वाजवायला सांगा. कोणता सूर अडतो, कोणत्या बोटाला जोर लावावा लागतो, हे वहीत लिहा. वाद्य एकदा सुटं झालं की ही माहिती परत मिळत नाही.

मग तोंडाने ओढून पाहायची परीक्षा. वरचा भाग सुटा घ्या. डाव्या हाताच्या तीन बोटांनी पुढची भोकं आणि अंगठ्याने मागचं भोक झाका. खालचं टोक उजव्या तळव्याने बंद करा. वरच्या टोकाला ओठ लावून हवा ओढा आणि ओठ तसेच ठेवून पाचपर्यंत मोजा. ओढ टिकली तर भाग घट्ट आहे. लगेच सुटली तर गळतोय, आणि बऱ्याचदा ‘स्स’ असा आवाज कुठून येतो तेही कळतं. खालच्या भागाला तीन भोकं झाकून करंगळीने ‘ई’ची चावी दाबा आणि खालचं टोक रबरी बुचाने बंद करा. बूच नसेल तर उघड्या गुडघ्यावर टेकवलं तरी चालतं.

नेमकं कोणतं पॅड गळतं हे शोधायला पानाच्या टपरीवर मिळणारा सिगारेट वळायचा कागद घ्या. त्याची ३ मिलिमीटर रुंदीची पट्टी कापून खराट्याच्या काडीला चिकटवा. पॅड आणि भोकाच्या कडेमध्ये पट्टी ठेवून चावी हलकेच मिटा, मग पट्टी ओढा. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे अशा चारही जागी सारखीच अडकली पाहिजे. जिथे सहज निसटली, तिथे फट. ही काडी हे या कामातलं सगळ्यात मोलाचं हत्यार. माझ्या टेबलावर दहा-बारा तरी तयार असतात, कारण पट्टी दमट झाली की खोटं बोलते.

कधीकधी एवढ्यातच दोष सापडतो आणि ओव्हरहॉलिंगची गरजच उरत नाही. वरच्या भागावर ‘ए’ची जी चावी आहे तिच्यावर एक छोटा स्क्रू असतो. ‘ए’ दाबल्यावर शेजारची ‘जी शार्प’ची चावीही त्याच स्क्रूमुळे उघडते. हा स्क्रू गरजेपेक्षा आत गेला, तर ‘जी शार्प’चं पॅड कायम किंचित उघडं राहतं आणि सगळं वाद्य जड होतं. दोन्ही चाव्या मिटलेल्या असताना त्या स्क्रूखाली अगदी थोडा सैलपणा जाणवला पाहिजे. कित्येक क्लॅरिनेट मी नुसता हा स्क्रू पाव फेरा मागे घेऊन परत दिली आहेत.

हत्यारं आणि सामान

घड्याळवाले वापरतात तसे दोन-तीन मापांचे स्क्रू ड्रायव्हर, बारीक टोकाची पक्कड, स्पिरिटचा दिवा, नवं ब्लेड, पॉलिश पेपर, कानशीचे बारीक तुकडे, कानातल्या कापसाच्या काड्या, आणि क्रोशाची बारीक सुई. स्प्रिंग काढा-अडकवायला याहून चांगलं काही मी पाहिलेलं नाही. स्क्रू ड्रायव्हरचं पातं स्क्रूच्या खाचेत गच्च बसेल असं घासून घ्या. खाच एकदा खराब झाली की पुढचा प्रत्येक कारागीर तुम्हाला दोष देईल.

पॅडचा संच क्लॅरिनेटचा आहे हे सांगून घ्या. लहान पॅडं साधारण ९ ते ११ मिलिमीटरची असतात आणि सगळ्यात मोठी १७ च्या आसपास. जुनं पॅड काढून त्याची वाटी, म्हणजे चावीचा ते बसतं तो खोलगट भाग, मापा आणि त्याच मापाचं आणा. धोबीतलाव-काळबादेवी भागातल्या वाद्यांच्या दुकानांत विचारून पाहा, नाहीतर ऑनलाइन मागवा. चिकटवायला मी चपडा लाख वापरतो. ही लाख आपल्याच देशातली. जांभळी नाक्याच्या बाजूला रंग-पॉलिशचं सामान विकणाऱ्यांकडे चौकशी करा. कॉर्कसाठी सनमायका चिकटवायला सुतार जे रबरी चिकटद्रव्य वापरतात तेच घ्या. पांढरा फेविकॉल इथे उपयोगाचा नाही.

सुटं करताना

मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा. मग टीव्हीच्या खोक्यातला थर्मोकोल घ्या, त्यावर वाद्याची आकृती काढा, आणि जी चावी जिथली असेल तिथेच तिचा दांडा (चावी ज्यावर फिरते तो) टोचून ठेवा. दोन दांडे सारखे दिसले तरी अदलाबदल करू नका. वर्षानुवर्षं चालून प्रत्येक दांडा आपापल्या नळीत घासून बसलेला असतो.

आधी क्रोशाच्या सुईने सगळ्या स्प्रिंगा खोबणीतून सोडवा, मगच दांड्यांना हात लावा. सर्वांत वर असलेल्या, दुसऱ्या चावीला झाकणाऱ्या चाव्या आधी निघतात. वरच्या भागात ‘ए’ आणि ‘जी शार्प’, मग बाजूच्या लांब चाव्या, शेवटी कड्यांच्या. खालच्या भागात करंगळीचे लांब दांडे आधी.

खाडीच्या वाऱ्यावर राहणाऱ्या वाद्यांचे दांडे गंजून जाम झालेले असतात. जोर लावायचा नाही. रॉकेल आणि शिवणयंत्राचं तेल समसमान मिसळून एक थेंब नळीच्या तोंडाशी सोडा आणि रात्रभर ठेवा. सकाळी स्क्रू आधी किंचित आवळून पाहा, मग सोडवा. आवळल्याने गंजाची पकड तुटते. तरीही हलला नाही तर पुन्हा थेंब, पुन्हा एक रात्र. एका वाद्याच्या एका दांड्यासाठी मी पाच दिवस थांबलोय. रॉकेल वापरताय तोवर स्पिरिटचा दिवा त्या खोलीत पेटवू नका.

सफाई, चीर आणि तेल, याच क्रमाने

लाकडी अंग पाण्यात बुडवायचं नाही. मऊ ब्रशने धूळ काढा, भोकांच्या आतला मळ दातकोरणीच्या लाकडी टोकाने खरवडा आणि कापसाच्या काडीने पुसा. भोकाच्या कडेला, जिथे पॅड टेकतं तिथे, लोखंडी टोक लागू देऊ नका. माउथपीस कोमट पाण्यात धुवा. गरम पाणी लागलं तर एबोनाइट तपकिरी-हिरवट पडतं आणि वास सुटतो. चाव्या मऊ फडक्याने पुसल्या की पुरे. मुलाम्यावर पितळ घासायचं पॉलिश चोळलं तर थोड्या वर्षांत मुलामाच उरत नाही.

आता अंग उघडं आहे तर चीर शोधा. सहसा ती वरच्या भागात, बाजूच्या लांब चाव्यांच्या भोकांजवळून निघते. आपल्या हवेत चिरा पावसाळ्यात कमी जातात. पावसाळ्यात हवेतला ओलावा ८० टक्क्यांच्या वर असतो आणि लाकूड फुगून बसतं. चीर जाते ती पुढे डिसेंबर-जानेवारीत, वरातीतून थेट एसी हॉलमध्ये वाद्य नेऊन लगेच वाजवायला घेतलं की. आत ओली गरम फुंक, बाहेर थंड कोरडी हवा. चीर केसाएवढी आणि ताजी असेल तर अगदी पातळ सुपरग्लूचा थेंब तिच्या तोंडाशी ठेवा, तो आपोआप आत ओढला जातो. सुकला की बारीक पॉलिश पेपरने सपाट करा. चीर भोकापर्यंत पोचली असेल, तर आडव्या पिना घालाव्या लागतात. ते काम लेथ आणि बारीक ड्रिलवर हात बसलेल्या माणसाचं आहे, घरच्या ड्रिल मशीनने करू नका.

चीर भरून झाल्यावरच तेल, आधी नाही. तेल प्यायलेल्या लाकडाला ग्लू धरत नाही. वाद्यांसाठी मिळणारं बोअर ऑइल उत्तम, नाहीतर शुद्ध बदाम तेल. खोबरेल मात्र नको. बॅन्डवाल्यांच्या घरात तेच हाताशी असतं म्हणून लावलं जातं, पण थंडीत ते गोठतं. फडक्याला दोन-चार थेंब लावून आतून पातळ हात फिरवा, रात्रभर ठेवा, सकाळी कोरडं पुसा. पॅडं बसवलेली असताना तेल आत गेलं तर ती तेल पितात आणि फुगतात. म्हणून मनासारखं तेल द्यायची संधी फक्त ओव्हरहॉलिंगच्या वेळी मिळते. प्लॅस्टिक आणि एबोनाइटला तेलाची गरज नाही.

स्प्रिंगा

चाव्या ज्यांवर बसतात त्या प्रत्येक खांबातली सुईसारखी स्प्रिंग बोटाने हलवून पाहा. गंजाचे काळे खड्डे दिसले तर ती मोसमाच्या मध्येच तुटणार हे नक्की, आताच बदला. नव्या मिळाल्या तर बरंच. नाही तर शिवणाची सुई चालते, पण तिचं पाणी उतरवावं लागतं. नवी सुई ठिसूळ असते. ती पॉलिश पेपरने चकचकीत करा आणि दिव्यावर हळूहळू तापवा. आधी पिवळसर, मग जांभळट, मग निळा रंग चढतो. निळा आला की बाहेर काढा. आता ती वाकूनही परत सरळ होते. लांबीला कापून जाड टोक हातोडीने किंचित चपटं करा, खांबाच्या भोकातून घाला आणि पक्कडीने गच्च ओढून बसवा. रंग निळ्याच्या पुढे जाऊन राखाडी झाला तर सुई मऊ पडली, फेकून द्या. चपट्या पट्टीच्या स्प्रिंगा चावीला स्क्रूने लावलेल्या असतात, त्यांची बदली सोपी आहे.

जोडांचे कॉर्क

वाद्याचे भाग एकमेकांत बसतात त्या टोकांवरचा जुना कॉर्क ब्लेडने खरवडून खोबण पूर्ण स्वच्छ करा. साधारण दीड मिलिमीटर जाडीच्या कॉर्कची पट्टी खोबणीच्या रुंदीला कापा आणि तिचं एक टोक तिरपं तासा. पट्टीला आणि खोबणीला दोन्हीकडे चिकटद्रव्याचा पातळ हात द्या आणि १० ते १५ मिनिटं, बोटाला चिकटत नाही तोवर थांबा. घाई केली की कॉर्क पहिल्याच वरातीत फिरून निघतो. मग तिरप्या टोकापासून सुरुवात करून पट्टी गुंडाळा, शेवटचं टोक त्या तिरप्या भागावर चढवा आणि जादाचं कापा.

घासताना आपल्या हवेचा विचार करावा लागतो. पितृपक्षात पाऊस पुरता गेलेला नसतो, लाकूड अजून फुगलेलं असतं. आज जोड अगदी लोण्यासारखा बसेल इतका कॉर्क घासला, तर जानेवारीत तोच जोड लुळा पडतो. म्हणून आत्ता किंचित घट्ट ठेवा, कॉर्क ग्रीस लावून जरा फिरवत बसवावा लागेल इतपत. उलट कॉर्क ठीक असूनही जोड अडकत असेल, तर कॉर्क नाही, लाकूड अडकतंय. कॉर्कच्या वर-खाली जे लाकडी कडं असतं त्यावर चमकलेला डाग दिसेल, फक्त तेवढाच भाग बारीक पेपरने दोन-तीनदा घासा.

जुने वादक कॉर्कऐवजी मेण लावलेला दोरा गुंडाळतात. लोक त्याला जुगाड म्हणतात, मला तसं वाटत नाही. एकसारखा गुंडाळलेला दोरा वर्षानुवर्षं टिकतो आणि रस्त्यात सैल झाला तर दोन वेढे वाढवता येतात. फक्त ओला होऊन फुगणार नाही इतकं मधमाशीचं मेण त्यात मुरवा.

पॅड बसवणं

इथे घाई नको. १७ पॅडांना मी दोन पूर्ण दिवस देतो.

क्लॅरिनेटची नेहमीची पॅडं फिश-स्किनची म्हणून विकली जातात. कोळीवाड्यातल्या एका काकांनी मला विचारलं होतं, ‘कोणत्या माशाची रं?’ माशाची नसतेच ती. जनावराच्या आतड्याचा अतिशय पातळ पापुद्रा असतो, सोन्याचा वर्ख ठोकायला वापरायचे तसा. आत लोकरीचं नमद्यासारखं पॅड आणि मागे पुठ्ठा. पापुद्रा फाटला की दमट हवेत आतली लोकर फुगते आणि पॅड वाकडं होतं. ठाण्यात पॅडं लवकर जातात ती याच कारणाने.

जुनं पॅड काढायला चावीची वाटी मागून दिव्यावर दोन-तीन सेकंद धरा, लाख मऊ होते आणि पॅड सुईने उचलता येतं. जास्त तापवलं तर मुलामा काळा पडतो. वाटी स्वच्छ पुसा.

नव्या पॅडच्या बाजूला, कडेच्या जाडीत, सुईने एक बारीक भोक पाडा. नाहीतर तापल्यावर आतली हवा फुगते आणि पापुद्रा फुग्यासारखा वर येतो. वाटीत लाखेचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा टाका, मोठ्या वाटीला थोडा जास्त. वाटी तापवून लाख पसरू द्या आणि पॅड दाबून समतल बसवा. पॅड वाटीत तिरकं असेल तर पुढचं सगळं फुकट जातं, म्हणून डोळ्याच्या रेषेत धरून पाहा.

मग ती चावी तिच्या खांबांत लावा, वाटी पुन्हा किंचित तापवा आणि चावी हलकेच मिटा. लाख मऊ असल्याने पॅड भोकाच्या कडेशी स्वतःच जुळतं. थंड होऊ द्या, मग सिगारेटच्या कागदाची काडी चारही बाजूंनी फिरवा. कागद मागे, म्हणजे बिजागरीच्या बाजूला, घट्ट आणि पुढे सैल असेल, तर पॅड जाड पडलंय किंवा वर राहिलंय. वाटी तापवून मागची बाजू आत दाबा, नाही जमलं तर पातळ पॅड घ्या. उलट पुढे घट्ट आणि मागे सैल असेल, तर पॅड खोल गेलंय, खाली लाख वाढवा. डावी-उजवीकडे फरक असेल तर पॅड तापवून सैल बाजूला सुईने किंचित उचला. चावी पिळायची वेळ सर्वांत शेवटी, आणि तीही फक्त जर्मन सिल्व्हरची असेल तर.

नव्याने शिकणारे इथे नेहमी एकच चूक करतात. गळतंय दिसलं की चावी बोटाने जोरात दाबून धरतात, पॅडवर खोल वळ पडतो, आणि त्या दिवसापुरतं सगळं घट्ट होतं. पण वाजवताना बोटाचा जोर तेवढा नसतो, आणि मिटलेल्या चावीवर तर फक्त स्प्रिंगचा जोर असतो. चांगल्या पॅडवर वळ पुसट आणि सगळीकडे सारखा दिसतो. तपासतानाही चावी तिच्या स्प्रिंगच्याच जोराने मिटू द्या, वरून बोट ठेवू नका.

अंगठ्याजवळच्या रजिस्टर चावीला मी पापुद्र्याचं पॅड लावत नाही, घट्ट कॉर्कचं लावतो. तिथलं भोक लहान, वर नळीसारखं उठलेलं आणि फुंकेचं पाणी तिथे सतत येतं. कॉर्क तिथे जास्त टिकतो.

जुळवणी

एकेक पॅड घट्ट असलं तरी काम संपत नाही, कारण क्लॅरिनेटवर एक चावी दुसरीला ओढते. ‘ए’ आणि ‘जी शार्प’चं वर आलंच. आणखी दोन जागा आहेत.

पहिली खालच्या भागात. करंगळीने ‘ई’ची चावी दाबली की ‘ई’चं आणि ‘एफ’चं अशी दोन्ही मोठी पॅडं एकाच क्षणी मिटायला हवीत. त्यांना जोडणारा कावळ्याच्या पायासारखा फाटा असतो, त्यावरच्या कॉर्कची जाडी हे ठरवते. दोन काड्या घ्या, दोन्ही पॅडांखाली एकेक ठेवा, ‘ई’ हलकेच दाबा आणि दोन्ही ओढा. ‘ई’ घट्ट आणि ‘एफ’ सैल असेल तर फाट्यावरचा कॉर्क जाड करा. ‘एफ’ घट्ट आणि ‘ई’ सैल असेल तर तो बारीक पेपरने घासा. दरवेळी एक-दोन फटकारेच, मग पुन्हा काडी. मधल्या सप्तकातला लांब ‘बी’ अडतो, तेव्हा दहापैकी नऊ वेळा दोष इथे असतो आणि वादक माउथपीसला शिव्या देत असतो.

दुसरी जागा दोन भागांच्या मधला पूल. खालच्या कड्या दाबल्या की त्या पुलावरून वरचं एक पॅड मिटतं. डाव्या आणि उजव्या हाताच्या फक्त पहिल्या बोटांनी ‘बी फ्लॅट’ वाजवून पाहा. तो स्वच्छ आला नाही तर पुलाचा कॉर्क पातळ आहे. तो जाड झाला, तर उलट खालच्या कडीवरचं पॅड नीट मिटत नाही. दोन्ही भाग जोडताना पुलाचे तुकडे समोरासमोर नसतील तरी असंच होतं. आणि जोडताना वरच्या भागाच्या कड्या दाबून धरा, म्हणजे पुलाचा वरचा तुकडा उचललेला राहतो, नाहीतर हा पूल वाकतो. बहुतेक वाद्यांचा पूल घाईघाईत जोडतानाच वाकलेला असतो.

मिटणारं सगळं जुळलं की उघडण्याची उंची पाहा. पॅड फार कमी उघडत असेल तर सूर दबका आणि किंचित उतरलेला येतो. चावीखालचा कॉर्क पातळ करून उंची वाढवता येते. शेवटी प्रत्येक दांड्याच्या टोकाला शिवणयंत्राच्या तेलाचा सुईच्या टोकाएवढा थेंब, आणि बाहेर आलेलं लगेच पुसा.

आता पुन्हा ती पहिली ओढायची परीक्षा. वरच्या भागाची ओढ निदान पाचपर्यंत टिकली पाहिजे. टिकली नाही तर काडी घेऊन परत एक-एक पॅड. इथे कंटाळून चालत नाही.

सॅक्सोफोनला हेच सगळं लागू होतं, फक्त पॅडं कातड्याची आणि मोठी असतात, आणि नळी रुंद असल्याने आत एलईडीची पट्टी सोडून अंधारात फट पाहता येते. सूक्ष्म काम क्लॅरिनेटचंच जास्त.

पहिले काही आठवडे

नवी पॅडं पहिल्या आठवड्यात बसतात, म्हणजे थोडी दबतात. म्हणून वाद्य देताना मी वादकाला आठ दिवसांनी परत बोलावतो आणि काडी पुन्हा फिरवतो. दोन-तीन पॅडं तरी थोडी तापवावी लागतात. लाकडाला नुकतं तेल दिलं असेल तर पहिले काही दिवस रोज अर्धा तासच वाजवा. वाजवून झालं की आतून फडकं ओढा, जोडांच्या तोंडातलं पाणी पुसा, आणि ओलं फडकं त्याच पेटीत कोंबू नका. पेटीत रबर बँडही नको, त्यातल्या गंधकाने चांदीचा मुलामा काळवंडतो. पेटीत सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवल्या तर पावसाळ्यात स्प्रिंगांना गंज धरायला वेळ लागतो. पण नोव्हेंबर लागला की त्या काढून टाका, लाकूड गरजेपेक्षा कोरडं पडायला नको.

शेवटची तपासणी तुळशीच्या लग्नाच्या आठवडाभर आधी करा. तोवर हवा कोरडी व्हायला लागलेली असते आणि पितृपक्षात घट्ट वाटलेले खांबांचे स्क्रू थोडे सैल झालेले असतात. ते हाताने लागतील तेवढेच आवळा, जोर नको, आणि मधल्या पुलाचा ‘बी फ्लॅट’ एकदा वाजवून घ्या.